‘मोकळी’ जमीन म्हणजे काय? : गिरणगावाच्या पुनर्विकासाबद्दल

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



‘पुनर्विकास’ या विषयावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, मी नगररचनाकार नाही, वकीलही नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. फार तर मला शब्द तपासता येतात. तेव्हा आज मी एकच शब्द तपासणार आहे. तो म्हणजे ‘मोकळी’. ‘मोकळी जमीन’ असं आपण म्हणतो ना, त्यातला ‘मोकळी’. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, शिवडी हा जो गिरणगावाचा पट्टा आहे, त्याचं भवितव्य बऱ्याच अंशी या एका शब्दाच्या अर्थावर फिरलं, असं माझं म्हणणं आहे.

थोडा इतिहास. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये ताडदेवला उभी राहू लागली. पुढं पन्नासच्या वर गिरण्या झाल्या. त्यांच्याखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती, आणि त्यातली काही सरकारनं सवलतीच्या भाडेपट्ट्यानं दिलेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. कापडापेक्षा जमीन महाग झाली होती. आता प्रश्न असा आला की या जमिनीचं करायचं काय?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, नियम ५८ मध्ये, याचं एक उत्तर होतं. गिरणी पाडून नवं बांधायचं असेल तर जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, मैदानं-बागांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. उरलेला मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या सगळ्या जमिनींचा तुकड्यातुकड्यानं नव्हे, एकत्र विचार करा, असं तिचं सांगणं होतं. ते बाजूला पडलं.

मग २००१ मध्ये नियम बदलला. वरवर बघितलं तर बदल छोटा. वाटे तीनच राहिले. पण ते कशाचे करायचे? तर गिरणीच्या आवारात जी जमीन आधीपासून मोकळी आहे, फक्त तिचे. गिरणीची इमारत पाडल्यावर जी मोकळी होईल, तिचे नाहीत. आता तुम्हीच विचार करा. गिरणीचं आवार म्हणजे खातं, गोदाम, चिमणी, ऑफिस. मोकळं असं उरतं किती? सार्वजनिक वाटा आक्रसून गेला.

इथं मला आपलं न्याय-वैशेषिक दर्शन आठवतं. वैशेषिक परंपरेत ‘अभाव’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानलेला आहे. ‘जमिनीवर घट नाही’ हे ज्ञान कशाचं? नुसत्या जमिनीचं नव्हे, तर घटाच्या अभावाचं. आणि अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला ‘प्रतियोगी’ म्हणतात. पुढं ते अभावाचे प्रकार करतात. घट घडण्याआधी त्याचा जो अभाव, तो प्रागभाव. घट फुटल्यावर जो अभाव, तो प्रध्वंसाभाव. प्रागभावाला आरंभ नाही, अंत आहे. प्रध्वंसाभावाला आरंभ आहे, अंत नाही. फुटलेला घट पुन्हा तोच होत नाही.

आता हे नियमाला लावून बघा. जिथं कधी काही बांधलंच नाही ती जागा, आणि जिथली गिरणी पाडली ती जागा, दोन्ही आज मोकळ्याच दिसतात. २००१ चा नियम म्हणतो, पहिलीच मोकळी धरा. म्हणजे जिथं कामगारांच्या तीन-चार पिढ्या घाम गाळत होत्या, नेमकी तीच जागा वाटणीच्या हिशेबातून वगळली! मला यातला हा उलटेपणा खुपतो. ज्या जमिनीवर समाजाचा हक्क सांगायला सर्वांत बळकट कारण होतं, तीच खाजगी ठरली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मालक पुढं येत नाहीत, कामगारांची देणी थकली आहेत, जमीन विकली तर ती देता येतील, असा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. मामला कोर्टात गेला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाडकामानंतरची जमीनही वाटणीत धरा, असं म्हटलं. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि २००१ चा बदल वैध ठरवला. कायद्याचा प्रश्न तिथं संपला. वैध काय हे कोर्ट सांगतं. उचित काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडंच राहतो.

त्यानंतर वाढ झपाट्यानं झाली. मॉल, कार्यालयं, पन्नास-साठ मजल्यांचे टॉवर. रस्ते आणि पूल तेवढे वाढले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिल्सच्या आवारात आग लागून १४. एका नियमामुळं हे घडलं असं मी म्हणणार नाही, ते अप्रामाणिक होईल. पण सगळ्या जमिनींचा एकत्र विचार न करता वाढलेल्या वस्तीत श्वास घ्यायला जागा कुठं ठेवली होती, हे विचारायलाच हवं.

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल. बिल्डर म्हणतो, इथं काहीच नव्हतं. आम्ही हळवे लोक म्हणतो, इथं सगळंच होतं. भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपती, शेजारधर्म. होतंच ते. पण सकाळी संडासाच्या रांगेत उभी राहणारी बाई त्या आठवणीत का नसते? एका गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारे वीस-वीस पुरुष का नसतात? बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचं घर त्याच जागी मिळत असेल, तर मी त्याला गॅलरीचं तत्त्वज्ञान सांगायला जाणार नाही. तिथं पुनर्विकास हा शब्द आपला अर्थ राखतो, कारण राहणारा माणूस तिथंच राहतो.

गिरणी कामगाराचं तसं झालं नाही. म्हाडानं २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली. घरासाठी अर्ज मात्र लाखाच्या वर आलेले. आता शेलू-वांगणीकडं घरं घ्या, असं सांगितलं जातं. म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस विचारतात, आम्ही राबलो परळला, मग घर वांगणीला का? जयंत पवारांनी संपानंतरच्या अशाच एका घरावर नाटक लिहिलं, त्याचं नाव ‘अधांतर’. इतक्या वर्षांनंतरही त्या नावाला जुनं म्हणता येत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या सोसायट्यांत आज पुनर्विकासाच्या बैठका चालू असतील. कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस किती, हे तुम्ही विचारताच, आणि विचारायलाच हवं. त्यात माझा एक प्रश्न जोडा. नकाशात ‘मोकळी जागा’ असं लिहिलेलं दिसलं, की विचारा : ही कशाची मोकळी? इथं आज कोण बसतं, कोण खेळतं, कोण धंदा लावतं, आणि उद्या ते कुठं असेल? नैयायिक म्हणेल, प्रतियोगी सांगा. तो सांगितल्याशिवाय ‘मोकळी’ या शब्दाला अर्थच नाही.

एवढं बोलून थांबतो.