सुरकुत्या, सुई आणि जाहिरातीची भाषा

सातारा-सांगलीसारख्या शहरांतही आता सौंदर्योपचारांच्या जाहिराती झळकतात. ‘एका सुईत सुरकुत्या गायब, त्वचा तरुण, उपचार निर्धोक’ अशा धाटणीचा मजकूर विद्यार्थीही वाचतात. हा उपचार कोणी घ्यावा, हे आम्ही सांगणार नाही. जाहिरातीतले हे शब्द मात्र विज्ञानाच्या कसोटीवर तपासायला हवेत.

‘बोटॉक्स’ हे व्यापारी नाव आहे. आतले औषध म्हणजे बोट्युलिनम विष. नीट निर्जंतुक न केलेल्या डबाबंद अन्नात, प्राणवायू नसताना वाढणारा एक जीवाणू हे प्रथिन तयार करतो. चेतातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडले की स्नायू आकुंचन पावतो. हे विष नेमके तेच रोखते. विषबाधेत श्वसनाचे स्नायू लुळे पडून माणूस दगावू शकतो. अत्यल्प मात्रेत, ठरावीक स्नायूत दिल्यास तेच औषध ठरते. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली, ती तिरळेपणा आणि पापण्यांचे अनावर आकुंचन यांसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ची. जाहिरातीत यातले काहीच नसते.

आता ‘त्वचा तरुण’ हा दावा पाहू. औषध काम करते ते त्वचेखालच्या स्नायूवर. म्हणून कपाळाला आठ्या घालताना उमटणाऱ्या रेषा सौम्य होतात. उन्हाने पडलेल्या बारीक सुरकुत्यांवर त्याचा फारसा उपयोग नाही. साधारण ३ ते ४ महिन्यांत चेतातंतू पुन्हा कामाला लागतात आणि आठ्या परततात. मग ‘गायब’ कसे म्हणावे?

‘निर्धोक’ हा शब्दही टिकत नाही. औषध शेजारच्या स्नायूत पसरले तर पापणी काही आठवडे लोंबू शकते. ‘फिलर’ हा तर वेगळाच उपचार. त्यात बहुधा हायलुरॉनिक आम्लाची जेल त्वचेखाली भरतात. ती चुकून रक्तवाहिनीत गेली तर रक्तपुरवठा तुंबतो. क्वचित दृष्टीही जाते. म्हणजे सुई कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या परिसरात शिकलेले डॉक्टर आहेत, तिथे चेहऱ्याची रचना न शिकलेल्याकडून टोचून घेण्याचे कारण काय?

शिक्षकांनी वर्गात एक साधे निरीक्षण करून घ्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडाची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू मुलांनी भिंगातून पाहावी. वय एकच, त्वचा वेगळी! उन्हातले अतिनील किरण त्वचेतील कोलॅजेन मोडतात, हे मुलांना त्यातून कळेल. तासगावच्या द्राक्षबागेत किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात राबणाऱ्या बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतात. तो उपाय त्या जाहिरातीपेक्षा अधिक शास्त्रीय आहे, असे आम्हाला वाटते.