काटा हलला नाही, म्हणून गळती नाही?

सायकलच्या दुकानात पंक्चर कसे शोधतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवून फिरवायची. बुडबुडे येतील तिथे भोक. विजेच्या मोटारींवर सोप्या भाषेत लिहिणारे लेखक, बॅटरी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतील गळती कशी तपासतात हे सांगताना, बहुधा याच चित्रापासून आरंभ करतात. आरंभ म्हणून ते उत्तमच आहे. आमची तक्रार आहे ती त्यापुढे हमखास येणाऱ्या विधानाबद्दल. बॅटरी पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून तिच्या शीतनमार्गात हवा दाबून भरतात. दाबमापकाचा काटा हलला नाही तर गळती नाही, अशा अर्थाचे ते विधान असते. त्यात तीन गफलती आहेत आणि तिन्ही शालेय भौतिकशास्त्राने दाखवता येतात.

त्याआधी एवढी चिकित्सा कशासाठी, ते पाहू. लिथियम-आयन घटांना साधारण माणसाला सोसवते तेवढेच तापमान मानवते. म्हणून पुष्कळ मोटारींत घटांना लागून ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते आणि तीतून पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरते. हे मिश्रण सामान्यतः विजेचे वाहक असते आणि शेजारी काहीशे व्होल्टचा विद्युतदाब असतो. गळती बॅटरीच्या पेटीच्या आत झाली तर ती बाहेरून दिसत नाही. जमिनीवर थेंबही पडत नाही आणि आत गंज, विद्युतविघटन किंवा शॉर्ट सर्किट यांची तयारी चालू राहते.

आता पहिली गफलत. काटा केवळ गळतीमुळे हलत नाही, तापमानामुळेही हलतो. समजा, आतील हवेचा निरपेक्ष दाब २०० किलोपास्कल आणि तापमान २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्विन आहे. तापमान एक अंशाने उतरले, तर एकही भोक नसताना दाब २०० भागिले ३००, म्हणजे सुमारे ०.६७ किलोपास्कलने घटेल. उलट, तपासणी चालू असताना हवा तापली तर खरी गळती झाकली जाईल. दाबून भरलेली हवा आधी तापते आणि मग निवते. म्हणून भरल्याबरोबर काटा वाचणे चूक. काही वेळ थांबावे लागते.

दुसरी गफलत अशी, की काटा किती हलला यावरून गळती किती हे कळत नाही; आतील आकारमानही माहीत हवे. दहा लिटरच्या यंत्रणेत पाच मिनिटांत दाब अर्ध्या किलोपास्कलने उतरला, तर वातावरणाच्या दाबाला मोजलेली सुमारे ५० घनसेंटिमीटर हवा बाहेर पडली, मिनिटाला १०. यंत्रणा एक लिटरची असेल तर काट्याच्या तेवढ्याच हालचालीचा अर्थ मिनिटाला १ घनसेंटिमीटर. यंत्रणा जितकी मोठी तितका काटा आंधळा.

तिसरी गफलत म्हणजे हवेची गळती आणि द्रवाची गळती एकच मानणे. बारीक भोकातून हवा जाते, पण पृष्ठताणामुळे पाणी अडून राहू शकते. त्याला बाहेर ढकलायला लागणारा दाब ढोबळमानाने पृष्ठताणाची चौपट भागिले भोकाचा व्यास इतका असतो. पाण्यासाठी हिशेब केला तर १०० किलोपास्कल जादा दाबाला सुमारे ३ मायक्रॉनपेक्षा लहान भोकातून थेंब सुटणार नाही. ग्लायकॉलने पृष्ठताण कमी होतो, म्हणून मर्यादा आणखी कडक धरावी लागते. अशी लहान भोके शोधायला हेलियम किंवा हायड्रोजन-नायट्रोजनचे न पेटणारे मिश्रण भरून बाहेरून संवेदक फिरवतात. हवेत हेलियम दहा लाख भागांत जेमतेम ५ भाग असतो, त्यामुळे तो थोडासा निसटला तरी ओळखू येतो.

कारखान्यातील तपासणी कितीही चोख असली तरी ती त्या दिवसापुरती असते. अमेरिकेत २०११च्या मे महिन्यात शेव्हरोले व्होल्ट या मोटारीची बाजूने खांबावर आदळून चाचणी घेतली गेली. त्यात बॅटरीची पेटी भेदली गेली आणि शीतनद्रव गळला. मोटार पेटली ती तब्बल तीन आठवड्यांनी, आवारात उभी असताना. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने बॅटरीभोवतीची रचना अधिक मजबूत करण्याचे आणि द्रवाच्या पातळीवर लक्ष ठेवणारा संवेदक बसवण्याचे जाहीर केले. तपासणी ही एकदा उरकायची गोष्ट नव्हे, हा त्यातला धडा.

शिक्षकांना आमची सूचना अशी. मोठ्या काचेच्या बाटलीला घट्ट रबरी बूच लावा, त्यातून बारीक नळी काढून रंगीत पाण्याच्या यू-नळीला जोडा. बाटलीला हात न लावता दोन्ही बाजूंची पातळी टिपा. मग दोन्ही तळवे बाटलीवर धरा. आतील हवा एक अंशाने तापली तरी पातळ्यांत सुमारे ३ सेंटिमीटर फरक पडेल. हात काढल्यावर पातळी परत येऊ लागेल. ‘बाटली गळते का?’ असे त्या क्षणी वर्गाला विचारा आणि उत्तर देण्याआधी आणखी काय मोजावे लागेल, ते मुलांनाच ठरवू द्या.

यांतील काही मुले उद्या या मोटारी दुरुस्त करतील. ‘गळती नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘इतक्या दाबाला, इतक्या तापमानाला, इतक्या वेळात गळती अमुक मर्यादेच्या आत’ असे लिहिण्याची सवय त्यांना शाळेतच लागावी. वाक्य लांबते खरे, पण त्यावर विसंबता येते.