मेमरी लीकची दुरुस्ती कशी वाचावी : पोस्टग्रेसच्या एका एक्स्टेन्शनची समीक्षा

सावद्यात केळीचा भाव सोडून मेमरी लीकवर ऐकायला इतके लोक आलेत, याचं मला अप्रूप वाटतंय. समीक्षा म्हटली की आपल्याला कविता-कादंबरी आठवते. पण कोडही कुणीतरी कुणासाठी तरी लिहिलेला मजकूरच असतो, आणि त्यातली दुरुस्ती चांगली की नुसती चालून गेलेली, हे वाचून ठरवता येतं. आज एकच दुरुस्ती वाचू या. पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू नावाच्या एक्स्टेन्शनमधली, 2025 सालची.

हे एक्स्टेन्शन 2013 मध्ये पोस्टग्रेसच्या 9.3 आवृत्तीबरोबर आलं. दुसऱ्या सर्व्हरवरचं टेबल आपल्याच सर्व्हरवर असल्यासारखं वापरता येतं, हे त्याचं काम. पुढे 2016 च्या 9.6 मध्ये दोन टेबलांचा जॉइन पलीकडच्या सर्व्हरवरच करून घ्यायची सोय आली. त्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपांमध्ये शिगेरू हानाडांच्या शेजारी आशुतोष बापट हे नाव आहे. सांगायचं एवढ्यासाठी, की हा कोड आपल्यापासून फार लांबचा नाही.

आता पोस्टग्रेस मेमरी कशी सांभाळतं ते बघा. लग्नाचा मंडप डोळ्यासमोर आणा. खुर्च्या, गाद्या, पातेली, सगळं मंडपवाल्याकडून येतं. लग्न आटोपलं की तो टेम्पो घेऊन येतो आणि सगळं उचलतो. कोणती खुर्ची कुणी कुठे नेली, हे मुलीच्या बापाला बघावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, लग्न मोडलं तरी तो येऊन सगळं उचलतो! पोस्टग्रेसमध्ये या मंडपाला मेमरी कॉन्टेक्स्ट म्हणतात. क्वेरी सुरू झाली की तिचा एक कॉन्टेक्स्ट उभा राहतो, क्वेरी संपली किंवा एररने मोडली की तो अख्खा मोकळा होतो. त्यामुळे क्वेरीच्या कॉन्टेक्स्टमध्ये पॅलॉकने घेतलेली मेमरी तुम्ही परत करायला विसरलात, तरी सहसा काही बिघडत नाही.

इथेच नवशिक्यांची पहिली चूक होते. लीक म्हटलं की ते कोडभर पीफ्री टाकत सुटतात. त्यातला एखादा चुकीच्या जागी पडतो, मोकळी केलेली मेमरी कुणीतरी पुन्हा वापरतं आणि प्रोसेस कोसळते. पोस्टग्रेसमध्ये एक बॅकएंड प्रोसेस अशी कोसळली की मुख्य प्रोसेस बाकी सगळ्या कनेक्शन्सनाही बंद करून नव्याने सुरुवात करते, कारण सामायिक मेमरी बिघडली नसेल याची खात्री देता येत नाही. म्हणजे लीकमुळे एक प्रोसेस फुगत होती, आणि दुरुस्तीमुळे सगळा सर्व्हर बसला. असल्या दुरुस्तीपेक्षा लीक परवडला.

मग पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यूत खरा लीक कुठे होता? शेजारच्या काकूंकडून मागून आणलेल्या हंड्यात. पलीकडच्या सर्व्हरशी बोलायला हे एक्स्टेन्शन लिबपीक्यू ही लायब्ररी वापरतं. ती मुळात क्लायंटसाठी लिहिलेली, तिला कॉन्टेक्स्ट वगैरे ठाऊक नाही. ती उत्तर साठवायला साध्या मॅलॉकने मेमरी घेते. त्या उत्तराचं नाव पीजी-रिझल्ट, आणि ते परत करायचं फंक्शन पीक्यू-क्लिअर. मंडपवाला हा हंडा उचलणार नाही, तो त्याचा नाहीच. तो लक्षात ठेवून आपणच परत द्यायचा.

लेखकांना हे माहीत होतं. त्यांनी जागोजागी ट्राय-कॅच घातले होते: एरर आली तर पकडा, पीक्यू-क्लिअर करा, मग एरर पुढे सोडा. वाचताना हे अगदी जबाबदार वाटतं. पण 9.6 मध्येच आणखी एक सोय आली होती, अपडेट आणि डिलीट थेट पलीकडे चालवण्याची. त्याला रिटर्निंग जोडलं, तर बदललेल्या ओळी एकेक करून इकडे येतात. एक ओळ दिली की एक्स्टेन्शनचं फंक्शन संपतं आणि ताबा पोस्टग्रेसकडे जातो. पुढची ओळ हवी असेल तेव्हा पुन्हा बोलावणं. या दोन बोलावण्यांच्या मधे एरर आली तर? त्या क्षणी एक्स्टेन्शनचं कुठलंच फंक्शन चालू नसतं, म्हणजे त्याचा ट्राय-कॅचही चालू नसतो. शेवटी आवराआवर करणारं फंक्शन बोलावलंच जात नाही. हंडा सेशन संपेपर्यंत पडून.

मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते हे, की नेमका असा प्रसंग एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये होता. चाचणी चालायची, अपेक्षित एरर यायची, पास. चाचणी उत्तर तपासत होती, मेमरी नाही. व्हॅल्ग्रिंड हे साधन लावून पाहिलं तेव्हा तो दिसला.

2025 मध्ये टॉम लेन यांनी केलेली दुरुस्ती छोटी आहे. त्यांनी आणखी एक ट्राय-कॅच घातला नाही. क्वेरीच्या कॉन्टेक्स्टलाच एक कॉलबॅक जोडला: हा कॉन्टेक्स्ट मोकळा होताना पीक्यू-क्लिअर कर. म्हणजे मंडपवाल्याच्या हातात चिठ्ठी दिली, की जाता जाता हा हंडा काकूंकडे टाक. मंडप कसाही उठो, हंडा पोचणार. कॉलबॅकची ही सोय 9.5 पासून पोस्टग्रेसमध्ये होती. म्हणजे थेट अपडेटचा कोड लिहिला गेला तेव्हा हत्यार घरातच होतं, फक्त वापरलं गेलं नाही.

लेन तिथे थांबले नाहीत. असे आणखी हंडे कुठेतरी असणारच, असं धरून त्याच वर्षी पुढे त्यांनी सर्व्हरच्या आत येणारा प्रत्येक पीजी-रिझल्ट आपोआप चालू कॉन्टेक्स्टला बांधला जाईल अशी व्यवस्था केली. त्यामुळे बरेचसे ट्राय-कॅच काढूनही टाकता आले. दुरुस्तीनंतर कोड कमी झाला, हे मला फार आवडलं.

एक तक्रार मात्र आहे. ही व्यवस्था जुन्याच नावांवर पांघरूण घालून केली आहे. सर्व्हरच्या आतल्या कोडमध्ये पीजी-रिझल्ट आणि पीक्यू-क्लिअर ही नावं तीच दिसतात, पण मॅक्रोमुळे त्यांचा अर्थ वेगळा झालेला असतो. जुना कोड फारसा बदलावा लागत नाही, हा फायदा खरा. पण क्लायंटच्या कोडवरून शिकून आलेला मुलगा इथे तेच शब्द वाचेल आणि आपल्याला कळलं असं समजेल. मी तरी वेगळी नावं ठेवली असती, चार फाइली जास्त बदलाव्या लागल्या असत्या तरी.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय: "सर, आम्ही रोज रात्री दोन वाजता सर्व्हर रिस्टार्ट करतो, मग लीक असला काय नि नसला काय?" बरोबर आहे, पुष्कळ ठिकाणी हेच चालतं. पण समजा एखाद्या पतसंस्थेचा 4 जीबीचा सर्व्हर आहे, आणि कनेक्शन पूलिंगमुळे तीच सेशन्स दिवसभर जिवंत राहतात. महिनाअखेरीला एररी वाढल्या, मेमरी दुपारी चारलाच संपली, तर लिनक्स स्वतःच एखादी प्रोसेस मारतं. ती पोस्टग्रेसची असली की पुन्हा तेच, सगळी कनेक्शन्स तुटणार, आणि पासबुक घेऊन उभी असलेली माणसं रांगेतच राहणार. रात्रीचे दोन वाजायला तेव्हा दहा तास असतात.

तुमच्या एक्स्टेन्शनमध्ये असा हंडा आहे का, हे बघायला फार लागत नाही. आवृत्ती 14 पासून पीजी-बॅकएंड-मेमरी-कॉन्टेक्स्ट्स नावाचा व्ह्यू आहे, तो चालू सेशनचे सगळे कॉन्टेक्स्ट आकारासह दाखवतो. दुसऱ्या सेशनचे बघायचे तर त्याच आवृत्तीत ते लॉगमध्ये लिहायला लावणारं फंक्शनही आहे. एकाच सेशनमध्ये मुद्दाम एरर येणारी क्वेरी, समजा रिटर्निंगमध्ये शून्याने भागणारी, दहा हजार वेळा चालवा. टॉपमध्ये त्या प्रोसेसची मेमरी वाढत गेली आणि या व्ह्यूमधले आकडे जागचे हलले नाहीत, तर गळणारी मेमरी कॉन्टेक्स्टच्या बाहेरची आहे. मग पीफ्री शोधत बसू नका. एक्स्टेन्शन बाहेरची कोणती लायब्ररी वापरतं ते काढा. पोस्टजीआयएस वापरणाऱ्यांनी जीईओएसच्या बाजूने सुरुवात करावी, कारण तीही मेमरी स्वतःची स्वतः घेते.