घाट बंद होता तेव्हा

सबुरी हा शब्द मराठीत बाहेरून आला. मूळ अरबी 'सब्र', तो फारसीच्या वाटेने इकडे पोचला आणि शिर्डीच्या तसबिरींबरोबर घरोघरी भिंतीवर लागला. शब्द गोड आहे. पण बहुतेक वेळा तो थांबायला लावणारा माणूस थांबणाऱ्याला ऐकवतो. खेळावरच्या लेखनात तर तो सर्रास भेटतो. एखादा फुटबॉल क्लब घसरला, जुने खेळाडू गेले, नवा प्रशिक्षक आला, की 'संघ उभा राहायला वेळ लागेल, पाठीराख्यांनी कळ काढावी' असे छापून येते. पुढे कधीतरी संघ जिंकतो आणि त्याच पाठीराख्यांच्या निष्ठेचे गोडवे गायले जातात. मधल्या वर्षांत त्या माणसांनी नेमके काय केले, कशाच्या जिवावर केले, हे सहसा लिहिले जात नाही. मला त्या मधल्या वर्षांबद्दल लिहायचे आहे, आणि माझ्या हाताशी असलेले सर्वांत चांगले उदाहरण फुटबॉलचे नाही, बैलगाड्याचे आहे.

मी राहतो त्या आळेफाट्यावर पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. खाली कांद्याच्या गाड्या, वर फ्लेक्स. त्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या बरोबरीने बैलांचे फोटो असतात: वाढदिवसाचे, घाटात पहिला आल्याबद्दल अभिनंदनाचे, आणि बैल गेला तर भावपूर्ण श्रद्धांजलीचेही. बाहेरून आलेल्यांना याची गंमत वाटते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात कोणाला वाटत नाही.

ज्यांनी गाडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सातारा-सांगलीकडे गाड्या एकमेकींशी पळतात. आमच्याकडे गाडा एकटा पळतो, घड्याळाशी. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. चार बैल, दोन जोड्या, आणि त्यांच्यापुढे घोडी. गाड्यापुढे घोडी धरणे हा आमच्याकडे मानाचा वाक्प्रचार आहे. निकाल सेकंदांत आणि सेकंदाच्या अंशांत लागतो. श्वास रोखून पाहावे तोवर बारी संपलेली असते. यादीत गाड्याच्या नावात आधी देव येतो, श्री अमुक प्रसन्न, मग मालक, मग गाव. दोन मालकांनी आपापले बैल एकत्र करून गाडा जुंपला तर ती जुगलबंदी. आणि बघायला येणाऱ्याला प्रेक्षक म्हणत नाहीत, शौकीन म्हणतात. हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. शौकिनाचा चुलता किंवा मेहुणा गाडामालक असतो, बैल घाटापर्यंत नेताना कासरा त्याच्या हातात असतो, बारी संपल्यावर उधळलेले बैल आवरायला तोच धावतो. फुटबॉलमध्ये मैदान आणि गॅलरी यांच्यात जी भिंत असते ती इथे फार पातळ आहे.

हा घाट बंद पडला. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करायला मनाई आहे त्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूच्या खटल्यात निकाल दिला आणि महाराष्ट्रातल्या शर्यतीही त्याच निकालाने थांबल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट दिली, पण काही दिवसांतच तिला स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये तामिळनाडूतल्या आंदोलनानंतर महाराष्ट्रानेही कायदा दुरुस्त केला, तर उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यती रोखून धरल्या. सर्वोच्च न्यायालयाची परवानगी आली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. आंबेगावातल्या लांडेवाडीला १ जानेवारी २०२२ ची शर्यत ठरली. तीही करोनाच्या निर्बंधांमुळे ऐनवेळी रद्द झाली. घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले १८ मे २०२३ ला.

बंदीची ही साडेसात वर्षे माणसाच्या हिशेबात लांब आहेत, बैलाच्या हिशेबात ती जवळजवळ सगळी कारकीर्द आहे. बंदी आली तेव्हा जो बैल ऐन भरात होता तो परवानगी आली तेव्हा म्हातारा झाला होता किंवा गेला होता. म्हणजे २०२२ मध्ये घाटात उतरलेले गाडे जुने नव्हतेच. नावे तीच, देव तेच, मालक बरेचसे तेच. बैल मात्र नवे. ते खोंड बंदीच्या काळात विकत घेतलेले, त्या काळातच शिकवलेले. जो खेळ कायद्याने बंद आहे, उघडेल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, त्याच्यासाठी माणसे खिल्लार खोंड पारखत होती. फुटबॉलच्या भाषेत संघाची पुनर्बांधणी म्हणतात ती हीच. फरक इतकाच की इथे पुढच्या हंगामाची तारीख नव्हती.

आणि ही पुनर्बांधणी फुकट होत नाही. शर्यतीच्या बैलाला शेतीकामाच्या बैलासारखे वागवता येत नाही. त्याचा खुराक वेगळा, निगा वेगळी, रोजचा फेरफटका वेगळा. नांगरट ट्रॅक्टर करतो, त्यामुळे बैल स्वतःचे पोट शेतातून काढून देत नाही. यात्रेत मिरवण्याचे जे सुख त्या खर्चाच्या बदल्यात मिळायचे तेच काढून घेतले गेले होते. अनेकांनी दावणी मोकळ्या केल्या. त्यांची निष्ठा कमी होती असे मी म्हणणार नाही. त्यांची जमीन कमी होती. ज्यांनी बैल राखले त्यांत बागायतवाले, दुसरे उत्पन्न असलेले लोक होते, तसे नुसते हट्टीही होते. सबुरीला ऐपत लागते, ही गोष्ट तिचे गोडवे गाणारे विसरतात.

ते आणखी एक गोष्ट विसरतात. बंदी काही हवेतून आली नव्हती. शेपूट पिरगाळणे, चाबूक, टोचण्या हे प्रकार न्यायालयापुढे आले होते, आणि आज नियमांनी काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई केली आहे ती उगाच नव्हे. २०२३ च्या निकालाचा आधारही हाच, की दुरुस्त कायद्याने जनावराची पीडा बरीच कमी केली. शौकिनांच्या साडेसात वर्षांबद्दल लिहिताना हा भाग गाळणे मला पटत नाही. आमच्या आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. मुक्या जनावराचे म्हणणे काय, हा प्रश्न निदान या गावाला तरी परका असू नये.

आता फुटबॉलकडे. पाठीराख्याच्या वाट पाहण्यावर निक हॉर्नबीचे 'फीव्हर पिच' (१९९२) हे पुस्तक प्रसिद्ध आहे. आर्सेनल या लंडनच्या क्लबचा हा पाठीराखा १९६८ पासूनचे स्वतःचे आयुष्य सामन्यांच्या तारखांनी मांडतो. १९७१ च्या लीग विजेतेपदानंतर थेट १९८९, मधली अठरा वर्षे लीगच्या हिशेबात कोरडी. हॉर्नबीचा मोठेपणा असा, की तो स्वतःच्या निष्ठेला सद्गुण मानत नाही. ती त्याला जडलेली गोष्ट आहे, निवडलेली नव्हे. सबुरीची एवढी प्रामाणिक चिकित्सा मी दुसरीकडे वाचलेली नाही. तरीही पुस्तक वाचताना मला एक पोकळी जाणवते. त्या अठरा वर्षांत त्याच्या हातात काही नाही. तो तिकीट काढतो, भिजतो, चिडतो, परत येतो. संघ बांधणारे दुसरेच. २६ मे १९८९ ला लिव्हरपूलच्या मैदानावर मायकेल थॉमसने शेवटच्या क्षणी गोल केला तेव्हाही हॉर्नबी टीव्हीपुढे होता. म्हणून त्याची सबुरी आत वळते आणि आजारासारखी दिसू लागते. गाड्याच्या शौकिनाची वळत नाही, कारण त्याला सकाळी उठून वैरण टाकायची असते. त्याच्या थांबण्याला काम आहे. माझ्या मते खरा भेद निष्ठेच्या खोलीचा नाही, या कामाचा आहे.

गोव्यातल्या धेंपो क्लबचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये बसते. राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदे, शेवटचे २०११–१२ चे. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली घडलेला, गोमंतकीय खेळाडूंचा कणा असलेला संघ. २०१५ मध्ये तो खालच्या विभागात घसरला, पुढच्याच वर्षी वर चढला, आणि २०१६ मध्येच साळगावकर व स्पोर्टिंग या क्लबांसह राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला. लीगची नवी मांडणी जुन्या क्लबांना दुय्यम ठरवणार होती, हे कारण खोटे नव्हते. पण बाहेर पडायचे की नाही हे पाठीराख्यांना कोणी विचारले नाही. क्लब गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, मुले तयार करत राहिला, आणि २०२४ मध्ये बढती मिळवून आय-लीगमध्ये परतला. तोवर राज्यातली गर्दी आयएसएलच्या एफसी गोवाकडे वळली होती. धेंपोची पुनर्बांधणी मला मनापासून आवडते. मात्र तिच्यात खोंड राखण्याचे काम क्लबने केले, पाठीराख्यांच्या वाट्याला नुसते थांबणे आले.

आमच्याकडच्या थांबण्यालाही राजकारणाने सोडले नाही. २०१९ च्या शिरूर लोकसभा निवडणुकीत शिवाजीराव आढळराव पाटील आणि अमोल कोल्हे यांच्या लढतीत बैलगाडा हा व्यासपीठावरचा विषय होता. घाट उघडल्यावर श्रेयाचे फ्लेक्स कांद्याच्या गाड्यांच्या वर लागले, ते सगळ्यांनी पाहिले. त्यात वैरणीचा हिशेब कुठेच नव्हता.

मला जास्त खटकते ते पुढचे. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीला शर्यत झाली, तिथे बक्षिसांत जेसीबी यंत्र आणि बोलेरो होत्या. एवढ्या बक्षिसांनी बैलाची किंमत कुठे जाते हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. शहरालगतच्या विकलेल्या जमिनीचा पैसा दावणीला येतो, आणि बंदीतल्या वर्षांत एकच खोंड राखून धरणारा कोरडवाहू शेतकरी जुगलबंदीत दुसऱ्याच्या गाड्याला आपला बैल देतो. यादीत नाव आधी देवाचे, मग मोठ्या मालकाचे. त्याचे नाव, आले तर, शेवटी येते.