गुप्त सुवर्णमुद्रांवरील व्याघ्र व सिंह : ओळख आणि अन्वयार्थ

समुद्रगुप्ताच्या सुवर्णमुद्रेवरील पशू वाघच होय, हे 'व्याघ्रपराक्रमः' या मुद्रालेखावरून निश्चित होते. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या सिंहवधाच्या नाण्यांवर 'सिंहविक्रमः' आहे. येथवर वाद नाही. मात्र सिंह दिसताच त्यात पश्चिम क्षत्रपांवरील विजय व काठियावाडची प्राप्ती वाचण्याची प्रथा तपासून पाहावयास हवी. त्या काळी सिंह केवळ गीरपुरता मर्यादित नव्हता; उत्तर भारतात त्याचा दूरवर वावर होता. शिवाय पहिल्या कुमारगुप्ताने वाघ, सिंह आणि गेंडा हे तिन्ही पशू नाण्यांवर आणले. गेंड्याच्या मुद्रालेखात तर 'खड्ग' शब्दावर तलवार व गेंडा असा श्लेष साधला आहे. अशा शब्दरसिक टांकसाळीच्या पशूंवरून प्रांत ठरविणे धाडसाचेच. क्षत्रपविजयाचा भक्कम पुरावा चंद्रगुप्ताच्या क्षत्रप धाटणीच्या रौप्यमुद्रांत आहे.