बोटें कोठें ठेवावीं?

गिटार शिकविणाऱ्या पुस्तकांत वाचावयाचें थोडें आणि पाहावयाचें फार असतें. पानामागून पान चौकटींनीं भरलेलें: सहा उभ्या रेघा म्हणजे सहा तारा, आडव्या रेघा म्हणजे पडदे, आणि मध्यें काळे ठिपके. ठिपक्यांत १ पासून ४ पर्यंत आंकडे असतात. ते अनुक्रमें डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा, अनामिका व करंगळी यांचे. एकाच वेळीं वाजणाऱ्या स्वरसमूहाला, म्हणजे 'कॉर्ड'ला, एक चौकट. आणि चौकटीखालीं बहुधा एक शब्दही नाहीं. हल्लीं हींच चित्रें भ्रमणध्वनीवरही मिळतात, पण त्यांचा स्वभाव पालटलेला नाहीं.

चौकट खोटें सांगत नाहीं; ती अर्धें सांगते. कोणता स्वर कोठें आहे हें वाद्यावर ठरलेलें आहे. परंतु तेथें कोणतें बोट जावें हें ठरलेलें नाहीं. ती निवड आहे, आणि निवडीला कारण लागतें. पुस्तक या दोन्ही गोष्टी एकाच शाईनें छापतें, आणि नवशिका दोन्ही सारख्याच अटळ मानून चालतो.

'ए' मेजर ही कॉर्ड घ्या. सर्वांत बारीक तार ती पहिली असें धरलें, तर चौथ्या, तिसऱ्या व दुसऱ्या तारेवर दुसरा पडदा दाबला कीं ती तयार झाली. पुष्कळ पुस्तकांत तेथें तर्जनी, मध्यमा, अनामिका अशीं बोटें ओळीनें मांडलेलीं असतात. चित्रांत तीं शोभतात. पण मध्यमा चौथ्या तारेवर व तर्जनी तिसऱ्या तारेवर अशी अदलाबदल करून पाहावी. हात प्रथम जरा अवघडतो. परंतु पुढें 'डी' मेजरला जावयाचें असेल, तर तर्जनी हवी तेथेंच, तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, आधींच बसलेली असते. 'ई' मेजरवरून येतांना ती त्याच तारेच्या पहिल्या पडद्यावर असते. नुसती एक घर पुढें सरकते. म्हणजे 'ई', 'ए', 'डी' या तिन्ही कॉर्डभर तर्जनी तिसरी तार सोडीतच नाहीं, आणि उरलेल्या बोटांना अंधारांत भिंत सांपडावी तसा आधार मिळतो. एकएकटी चौकट पाहून हें कोणाला कळावें?

'जी' मेजरची गोष्ट याहून बोलकी आहे. रूढ मांडणीत मध्यमा सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर, तर्जनी पांचव्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर आणि अनामिका पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर असते. येथून 'डी'ला जाणें सोपें, कारण अनामिका त्याच पडद्यावर शेजारच्या तारेवर जाते. 'सी'ला जातांना मात्र सगळा हात उचलून नव्यानें मांडावा लागतो. उलट सहाव्या तारेवर अनामिका, पांचव्या तारेवर मध्यमा आणि पहिल्या तारेवर करंगळी ठेवली, तर 'सी'साठीं अनामिका व मध्यमा जोडीनें एकेक तार खालीं येतात, करंगळी उठते व तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर पडते. करंगळी दुबळी, म्हणून पुस्तकें तिला टाळतात; पण न वापरल्यानें ती सबळ कशी व्हावी? यांतली खरी मांडणी कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. पुढें कोठें जावयाचें आहे, हें आधीं विचारलें पाहिजे. आपल्याकडे पेटीवर अलंकार बसवितांना पुढचा सूर कोणत्या बोटाला येणार हें चांगला शिक्षक पाहतोच.

कारणें देऊन शिकविण्याची परंपरा या वाद्याला नाहीं असें नव्हे. बार्सिलोना येथें जन्मलेल्या फर्नांडो सोर यांचा गिटारवरील ग्रंथ १८३० सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. त्यांत विवेचन भरपूर आहे. हात असा कां धरावा, बोट येथें कां पडावें, याची चर्चा ते वाचकाशीं करतात. पुढच्या काळांत घाई वाढली. बर्ट वीडन यांच्या १९५७ च्या इंग्रजी पुस्तकाचें नांवच 'प्ले इन अ डे', म्हणजे एका दिवसांत वाजवा! त्यावरून एरिक क्लॅप्टन यांच्यासारखे वादक शिकले, हें विसरतां येत नाहीं. पण क्लॅप्टन सर्व घरांत जन्मत नाहींत.

शिवाय हात सर्वांचे सारखे नसतात, वाद्येंही नसतात. अभिजात पद्धतीच्या गिटारची मान वरच्या टोकाशीं सुमारें ५२ मिलिमीटर रुंद असते, पोलादी तारांच्या गिटारची सुमारें ४३. जाड बोटांच्या माणसाला पोलादी तारांच्या गिटारवर 'ए'चीं तीन बोटें एका घरांत मावत नाहींत. त्यानें एकच बोट आडवें टाकून पहिली तार सोडून द्यावी, त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताचीं दोन बोटें १९२८ च्या आगींत जवळजवळ निकामी झालीं. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनीं आपलें अलौकिक वादन उभें केलें. जोनी मिचेल यांचा डावा हात लहानपणींच्या पोलिओनें अशक्त झालेला. त्यांनीं बोटांना ताण देण्याऐवजीं तारांचीच जुळणी बदलली.

हा वाद क्षुल्लक वाटेल. पण त्याची किंमत नवशिका भरतो. पुस्तकें स्वरशास्त्राच्या क्रमानें 'सी'च्या मागोमाग 'एफ' आणतात. पूर्ण 'एफ'ला तर्जनीनें सहाही तारा दाबाव्या लागतात. पहिल्या महिन्यांत तें साधणें कठीणच. चारच तारांचा छोटा 'एफ' तेथें सहज चालला असता. तो दाखविलेला नसतो. मग वाद्य कपाटावर जातें, आणि मुलाचीं बोटें आंखूड आहेत असें घरांत ठरतें.

आमची सूचना साधी आहे. पुस्तककारांनीं चौकटी सुट्या न छापतां जोडीनें छापाव्या, आणि जें बोट उचलावयाचें नाहीं तें वेगळ्या खुणेनें दाखवावें. त्याला कागद अधिक लागेल हें खरें. त्याकरितां शेवटचें शेंकडों कॉर्डचें कोष्टक गाळलें तरी चालेल. तें पान आजवर कोणी उघडल्याचें आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.