शेवटचा शब्द कोणाचा?

हर्मन मेलव्हिलच्या ‘बिली बड’ या सागरी लघुकादंबरीवर बेंजामिन ब्रिटनने ऑपेरा रचला. फॉर्स्टर आणि क्रोझियर यांच्या संहितेचा हा ऑपेरा १९५१ साली लंडनमध्ये रंगमंचावर आला.

बिली हा आरमारात सक्तीने ओढलेला खलाशी. त्याचे आधीचे जहाज ‘राइट्स ऑफ मॅन’. थॉमस पेनच्या ज्या ग्रंथाने जोतीराव फुले भारावले, त्याचेच हे नाव. खोटा आरोप होताच बिलीची वाचा अडते, हात उठतो आणि आरोप करणारा अधिकारी मरतो. कप्तान व्हीअर बिलीला निष्पाप मानतो, तरी कायद्यावर बोट ठेवून त्याला फासावर चढवतो.

मेलव्हिलने शेवट खलाशांच्या गाण्याने केला. ऑपेराने ते गाणे फाशीआधीच बिलीच्या तोंडी घातले आणि शेवट म्हाताऱ्या व्हीअरला दिला. बिलीमुळे आपण तरलो, असे तो मानतो.

माझा आक्षेप इथेच आहे. फासावर गेलेल्याचे मरण फाशी देणाऱ्याच्या मनःशांतीसाठी खर्ची पडते. आपल्याकडचे सहानुभूतीचे साहित्यही पुष्कळदा हेच करते: मरतो दलित आणि शुद्ध होते ते सवर्ण नायकाचे मन. जांब समर्थसारख्या गावांतून शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांनी कलेपुढे दिपून न जाता प्रत्येक रूपांतराला विचारावे: शेवटचा शब्द कोणाचा?